'रागा-जॅझ स्टाइल' (१९६८) : मुंबईतील जॅझ पियानो आणि वादकांच्या नामनिर्देशाचा प्रश्न

प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यासक साधन म्हणून सनदा, बखरी, पत्रव्यवहार, सरकारी अहवाल आणि वृत्तपत्रे यांकडे वळतो. ध्वनिमुद्रिकेकडे तो क्वचितच वळतो. ती करमणुकीची वस्तू आहे, फार तर संगीतशास्त्राच्या अभ्यासकाचा विषय आहे, असा एक समज आपल्या विद्याशाखांत रूढ आहे. वस्तुतः ध्वनिमुद्रिका हे दुहेरी साधन असते. तबकडीत आवाज असतो आणि तिच्या वेष्टनावर मजकूर असतो. काय वाजले हे तबकडी सांगते. ते कोणाच्या नावावर जमा झाले हे वेष्टन सांगते. या दोहोंची सांगड घातली की कला आणि श्रम यांच्या संबंधाविषयी एखाद्या अहवालातूनही मिळणार नाही अशी माहिती हाती येते.

१९६८ मध्ये ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने 'रागा-जॅझ स्टाइल' ही दीर्घ वादनाची ध्वनिमुद्रिका, म्हणजे ज्याला आपण 'एल.पी.' म्हणतो ती, प्रकाशित केली. संगीतकार म्हणून तिच्यावर हिंदी चित्रपटसृष्टीतील सुविख्यात जोडी शंकर-जयकिशन यांचे नाव आहे. अकरा राग, सतार व तबला, आणि त्यांच्या जोडीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, विद्युत् गिटार, ड्रम व पियानो असे तिचे स्वरूप आहे. पियानोवर ल्युसिला पाचेको या वादिका आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय ही ध्वनिमुद्रिका आहे; परंतु तिचे सांगीतिक मूल्यमापन करणे एवढाच त्याचा हेतू नाही. मुंबईत सुमारे साडेतीन दशके जॅझ वाजत होता, उत्तम पियानोवादक येथे होते. असे असता जॅझ पियानोवादकाच्या स्वतःच्या नावाचा अल्बम ही वस्तू त्या काळात येथे जवळजवळ का घडली नाही, आणि जी घडली तिच्यात पियानोवादकाचे स्थान कोणते, हा येथील मूळ प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जॅझ अल्बमची रूढ घडण समजून घेणे.
२) मुंबईतील जॅझवादक हॉटेलांतून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत कसे गेले, याची कारणे पाहणे.
३) १९५८, १९६७ व १९६८ या वर्षांतील तीन अल्बमांची तुलना करून पियानोवादकाचे स्थान निश्चित करणे.
४) या अभ्यासातून स्थानिक इतिहासलेखनास काही उपयोग होतो का, हे तपासणे.

'स्टँडर्ड' आणि स्वरचना

जॅझ पियानोवादकाच्या अल्बमची एक ठरलेली घडण असते. त्यात काही 'स्टँडर्ड' असतात आणि काही वादकाच्या स्वतःच्या रचना असतात. स्टँडर्ड म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली धून. ती बहुधा न्यूयॉर्कच्या संगीतिकांतून किंवा चित्रपटांतून आलेली असते, आणि पुष्कळदा बत्तीस मात्राखंडांच्या साच्यात बसलेली असते. वादक आधी ती धून मांडतो, मग तिच्या स्वराधारावर उत्स्फूर्त वादन करतो आणि शेवटी मूळ धुनेकडे परततो. श्रोत्याला धून माहीत असते, म्हणूनच वादकाने तिचे काय केले हे त्याला कळते. स्टँडर्ड ही वादकाची परीक्षा असते, तर स्वतःची रचना ही त्याची स्वाक्षरी.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव देशपांडे एखादे जुने नाट्यपद गात, तेव्हा पद श्रोत्यांना पाठ असे. तरीही ते पुन्हा ऐकावेसे वाटे. पदापेक्षा वसंतरावांनी त्या पदात काढलेली वाट ऐकण्यासाठी लोक येत. ख्यालगायकाची बंदिश, संगीत नाटकाचे पद आणि जॅझचा स्टँडर्ड ही सामायिक मालमत्ता आहे. त्या मालमत्तेवर प्रत्येक कलावंत आपला हक्क नव्याने सिद्ध करतो.

मात्र एक भेद आहे आणि तो या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जॅझ ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य छापण्याची रीत आहे. जो प्रत्येकी वेगळे बोलतो त्याचे नाव सांगितलेच पाहिजे, असा त्यामागील विचार. हिंदी चित्रपटगीताच्या तबकडीवर चित्रपट, गायक व संगीतकार यांची नावे येत. साठ-साठ वादकांच्या ताफ्याला तेथे जागा नसे. या दोन रीती मुंबईच्या एकाच वादकसमूहाच्या वाट्याला आल्या.

गोव्यातील पॅरिश शाळा ते मुंबईचे हॉटेल

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकविली जात. शिकविणाऱ्याला 'मेस्त्री' म्हणत. हे शिक्षण चर्चच्या उपासनेसाठी होते. पण त्यातून कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजवू शकणारा एक वर्ग तयार झाला. गोव्यात या कौशल्याला पुरेसे काम नव्हते. ते लष्करी बँडात, जहाजांवर, संस्थानिकांच्या वाद्यवृंदांत आणि मूकपटांच्या चित्रगृहांत होते. मुंबईत धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावागावांच्या नावाने चालणाऱ्या गोवेकरांच्या 'कूड' नावाच्या निवासांनी या माणसांना आसरा दिला.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागोमाग कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्डचा जन्म १९०३ सालचा. विसाच्या दशकात शिकागो येथे अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो लुई आर्मस्ट्राँगसमवेत वाजवीत असे. १९२६ मध्ये त्याने अमेरिका सोडली आणि उरलेले आयुष्य शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता अशा शहरांत घालविले. वर्णभेदाने ग्रासलेल्या मायदेशापेक्षा आशियातील हॉटेलांत त्याला अधिक मान व अधिक पैसा मिळाला. १९३७ मध्ये पॅरिस येथे त्याने एकल पियानोच्या काही ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांत 'टी फॉर टू' यासारख्या प्रचलित धुना आहेत आणि 'वेदर बीटन ब्लूज' ही त्याच्या स्वतःच्या नावावर खेळणारी रचनाही आहे. स्टँडर्ड आणि स्वरचना यांची जोडी येथे आढळते. ताजमधल्या त्या काळातील एका पियानोवादकाने ही घडण पूर्ण केली; पण ती पॅरिसमध्ये. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने त्याचे निधन झाले.

या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून गोवेकर वादकांनी जॅझ आत्मसात केला. स्वरलेखन त्यांना येत होते. कागदावर न लिहिता येणारी लय आता त्यांनी कानाने उचलली. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत राहिला. हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून प्रसिद्धीस आले.

हॉटेलातून ध्वनिमुद्रणगृहात

स्वातंत्र्यानंतर या वादकांचा पोटापाण्याचा आधार डळमळला. त्यांचा गोरा श्रोता मायदेशी परतला, संस्थाने विलीन झाली, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील व क्लबांतील रात्रींचे अर्थकारण बदलले. याच सुमारास चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद मोठा होत चालला होता. चाल बांधणाऱ्या संगीतकाराला, ती चाल वीस व्हायोलिनांत, चार ट्रम्पेटांत व एका पियानोत वाटून देणारा, ते कागदावर लिहून देणारा मनुष्य हवा होता. त्याला 'अरेंजर' म्हणत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट हे त्यांतले अग्रगण्य होत.

या देवघेवीचे उत्तम उदाहरण आपल्याला नागपूरच्या परिसरातून गेलेल्या संगीतकाराच्या कामात सापडते. पुणतांबे येथे १९१८ मध्ये जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, हेही शंकरराव सप्रे यांचे विद्यार्थी. चिक चॉकलेट यांच्या साहाय्याने त्यांनी 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतून लॅटिन अमेरिकन ताल व जॅझचा झोक मराठी-हिंदी भाषकांच्या कानांत रुजविला. 'अलबेला'च्या एका गीतप्रसंगात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. 'आशा' (१९५७) मधील निरर्थक अक्षरांचे गाणे तर लहान मुलांच्या तोंडी गेले. नागपूरच्या संगीत विद्यालयात बंदिशी घोटलेला मनुष्य आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवादक एका दालनात बसले, आणि त्यातून जे निघाले ते भगवानदादांच्या नाचातून गावोगावच्या वरातींत पोहोचले.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना चित्रपटगीते आकाशवाणीवरून हद्दपार झाली. तरीही रेडिओ सिलोनमुळे आणि १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीमुळे ही गाणी तालुक्याच्या गावापर्यंत येत राहिली. म्हणजे भिवापूर-उमरेडच्या पानठेल्यावर थांबलेला ग्राहक ताजच्या दालनात घडलेल्या वादकांचेच वादन ऐकत होता. फक्त त्या संगीताला कोणी जॅझ म्हणत नव्हते, आणि वाजविणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

हे काम प्रतिष्ठेचे नसले तरी रोख पैशाचे होते. ध्वनिमुद्रणाच्या पाळीमागे मोबदला मिळे आणि तेथे व्यवहार संपे. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात अशा वादकांच्या मुलाखतींतून या व्यवसायाची घडण उलगडली आहे, तर नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हॉटेलांतील जॅझयुगाची कथा सांगितली आहे. या दोन ग्रंथांनंतर हा इतिहास विस्मृतीत गेला असे म्हणता येत नाही. परंतु मराठीतील सांस्कृतिक इतिहासलेखनाने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे नमूद करणे भाग आहे.

पडद्यावरचा पियानो

पियानो हे वाद्य या संदर्भात विशेष बोलके आहे. हिंदी चित्रपटात पियानो दिसतो तितका ट्रम्पेट किंवा चेलो दिसत नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यात पियानो असतो, नायक त्यावर बसून प्रेमाची वा प्रेमभंगाची कैफियत मांडतो, आणि दिवाणखान्यातील एकाच श्रोत्याला तिचा खरा अर्थ कळतो. 'अंदाज' (१९४९) मध्ये दिलीपकुमार आणि 'संगम' (१९६४) मध्ये राज कपूर असे पियानोवर बसलेले आपण पाहतो. 'संगम'चे संगीत शंकर-जयकिशन यांचेच.

प्रेक्षकाला नायकाची बोटे दिसतात. आवाज मात्र दुसऱ्याच बोटांचा असतो. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर प्रारंभी गायकांचीही अशीच अवस्था होती. परंतु पुढे पार्श्वगायकाला नाव मिळाले, कीर्ती मिळाली. पार्श्ववादकाला ती मिळाली नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाद्य वाजविणाऱ्या स्त्रिया मुळातच थोड्या होत्या. ल्युसिला पाचेको त्यांपैकी एक. त्यामुळे त्यांची अनामिकता दुहेरी होती : वादक म्हणून आणि पुरुषांनी भरलेल्या दालनातील स्त्री म्हणून. पडद्यावर पुरुष नायकाचे हात पियानोवर फिरत असताना मागचे हात एखाद्या स्त्रीचे असू शकतात, ही शक्यतादेखील प्रेक्षकाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

तीन अल्बम : १९५८, १९६७, १९६८

आता भारताशी नाते सांगणारे आणि ज्यांत पियानोचा सहभाग आहे असे तीन अल्बम शेजारी ठेवून पाहू.

पहिला डेव्ह ब्रूबेक यांचा 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' (१९५८). शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जॅझवादकांना सांस्कृतिक दूत म्हणून देशोदेशी पाठविले. त्या योजनेत ब्रूबेक यांचा चमू १९५८ मध्ये पोलंड, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत व सिलोन असा फिरला. मुंबईत ब्रूबेक यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत वादन केले. परतल्यावर त्यांनी या प्रवासाच्या आठवणींवर सहा रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील एकीचे नाव 'कलकत्ता ब्लूज'. सहाही रचना स्वतःच्या, आणि मुखपृष्ठावर पियानोवादकाचे नाव. प्रवास आशियाचा होता, स्वाक्षरी मात्र ब्रूबेक यांची होती. मुंबईचे पियानोवादक डिझी साल यांना ब्रूबेक यांच्या मदतीने पुढे बोस्टनच्या बर्कली येथे शिकण्याची संधी मिळाली, हीही याच दौऱ्याची फलश्रुती होय.

दुसरा 'जॅझ मीट्स इंडिया' (१९६७). जर्मनीत ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमवर स्विस पियानोवादिका इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीचे नाव आहे. सतारीवर दिवाण मोटिहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर मुंबईचे केशव साठे. साठे १९५० च्या दशकात इंग्लंडला गेले. जो हॅरियट व कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ सूट' (१९६६) मध्येही तबला त्यांचाच आहे. या दोन्ही ध्वनिमुद्रिकांवर साठे यांचे नाव स्पष्ट छापलेले आहे. म्हणजे परदेशी गेलेल्या मराठी तबलावादकाला जॅझच्या रीतीप्रमाणे नाव मिळाले. आणि या अल्बमची नायिका पियानोवादक स्त्री आहे, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते.

तिसरा 'रागा-जॅझ स्टाइल' (१९६८). येथील वादकांची नावे अशी : सतार रईस खाँ, ट्रम्पेट जॉन परेरा, सॅक्सोफोन मनोहारी सिंग, बासरी सुमन, विद्युत् गिटार दिलीप नाईक व ॲनिबल कॅस्ट्रो, बेस एडी ट्रॅव्हास, ड्रम लेस्ली गोदिन्हो, तबला रमाकांत, पियानो ल्युसिला पाचेको. इंदूरचे सतारिये, दार्जिलिंगकडून कलकत्तामार्गे आलेले सॅक्सोफोनवादक आणि गोमंतकीय नावांचा मोठा भरणा अशी ही यादी म्हणजे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहाची लहानशी खानेसुमारीच आहे. राग तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि अखेर भैरवी. बैठकीची सांगता भैरवीने करण्याचा संकेत येथे कटाक्षाने पाळलेला दिसतो.

तिन्ही अल्बमांत पियानो आहे. पहिल्यात तो यजमान आहे, दुसऱ्यातही यजमान आहे. तिसऱ्यात तो पंगतीत बसलेल्या दहा-बारा जणांपैकी एक आहे.

राग आणि पट्ट्यांचा पेच

हे केवळ सामाजिक कारणाने घडले काय? तसे म्हणणे एकांगी ठरेल. त्यास सांगीतिक कारणही आहे. पियानोच्या पट्ट्या समविभागी स्वरांतरांवर जुळविलेल्या असतात. दोन स्वरांमधून सरकत जाणारी मींड त्यावर निघत नाही. तोडीचा अतिकोमल गंधार, भैरवातील आंदोलित धैवत, मियाँ मल्हारातील डोलणारा कोमल गंधार हे पट्टीवर सापडत नाहीत. याच आक्षेपापोटी आकाशवाणीवर हार्मोनियमला १९४० पासून सुमारे तीन दशके मज्जाव होता. तेव्हा रागाचे रूप दाखविण्याची जबाबदारी सतारीकडे जावी, हे स्वाभाविक होते.

परंतु पियानोवादकाचे काम यामुळे सोपे न होता अवघडच होते. जॅझमधील पियानो एका वेळी तीन-चार स्वर दाबून जो स्वरगुच्छ, म्हणजे 'कॉर्ड', देतो, त्याला रागाच्या वर्ज्यावर्ज्याचे बंधन पडते. मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य. षड्जावर उभारलेला सर्वांत साधा कॉर्ड षड्ज-गंधार-पंचम असा असतो. तो दाबला की मालकंस मोडला. तेथे मध्यम-धैवत-षड्ज किंवा धैवत-षड्ज-गंधार अशा आडवाटेनेच जावे लागते. भैरवात षड्ज-गंधार-पंचम चालतो, पण त्याच्या शेजारी कोमल ऋषभावरचा कॉर्ड येऊन बसतो आणि पाश्चात्त्य कानाला अनपेक्षित असा रंग उमटतो. याउलट कलावतीत षड्ज, गंधार, पंचम आणि कोमल निषाद हे चारही स्वर रागातलेच. आणि हाच चार स्वरांचा गुच्छ ब्लूजचा पाया आहे. कलावती व ब्लूज यांचे घर असे एका भिंतीने जोडलेले आहे. रागाच्या व्याकरणाला धक्का न लावता जॅझचा उच्चार कोठे करता येईल, याचा नकाशा पियानोवादकाला व अरेंजरला स्वर-स्वर तपासून आखावा लागतो.

येथेच 'स्टँडर्ड' या कल्पनेचे भारतीय रूप स्पष्ट होते. मुंबईच्या वादकांनी अमेरिकन धुना घेऊन अल्बम केला नाही, म्हणून त्यांनी स्टँडर्ड वाजविले नाहीत असे नव्हे. सर्वांना ठाऊक असलेली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली, प्रत्येकाने नव्याने सिद्ध करावयाची अशी सामग्री त्यांच्या हाताशी होती. ती म्हणजे राग. राग हा येथील स्टँडर्ड झाला आणि त्यावर बांधलेली धून ही स्वरचना झाली. या अर्थाने 'रागा-जॅझ स्टाइल' ही स्टँडर्ड व स्वरचना यांच्या रूढ घडणीत बसणारी ध्वनिमुद्रिका आहे. फरक एवढाच की येथे स्वाक्षरी वादकाची नाही.

आक्षेपांचा विचार

या ध्वनिमुद्रिकेस जॅझ म्हणावे काय, असा आक्षेप रास्तपणे घेतला जातो. तुकडे आटोपशीर आहेत, उत्स्फूर्त वादनाला मोकळे रान थोडे आहे, आणि मांडणीवर चित्रपटाच्या वाद्यवृंदाची शिस्त जाणवते. रागाच्या बाजूने पाहणाऱ्यालाही आलाप-विस्ताराची उणीव भासेल. दोन्ही परंपरांच्या कट्टर रसिकास ती अपुरी वाटावी, हे समजण्यासारखे आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास एखादे साधन परिपूर्ण असावे लागत नाही. ते बोलके असावे लागते. चित्रपटाच्या शिस्तीचा ठसा हा या ध्वनिमुद्रिकेचा दोष असेल, पण तिचा पुरावाही तोच आहे. ज्यांनी दिवसा गाण्याच्या मधल्या जागा भरल्या, तेच हात येथे वाजत आहेत.

दुसरा आक्षेप असा की वादकांची नावे छापण्यामागे औदार्य नव्हे, तर विक्रीची दृष्टी असेल. गायक नसलेल्या तबकडीला खपविण्यासाठी वादकांची नावे उपयोगी पडणारच. हा आक्षेप मान्य केला तरी निष्कर्ष बदलत नाही. नावे छापली गेली ती 'जॅझ' या शब्दासोबत आलेल्या रीतीमुळे. एका परक्या संगीताची रीत मुंबईच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायात आली आणि शेकडो गाण्यांत अनामिक राहिलेली माणसे एका वेष्टनावर नावानिशी उभी राहिली. जॅझने मुंबईला ट्रम्पेटचा झोक दिला, ताल दिला, हे नेहमी सांगितले जाते. नाव सांगण्याची रीत दिली, हे सांगितले जात नाही.

नामनिर्देश, कायदा आणि आपला परिसर

नामनिर्देशाचा प्रश्न भावनेचा नाही, हक्काचा आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात प्रयोगकर्त्या कलावंतास स्वतंत्र हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली आणि आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्क कलावंतास मिळाला; अर्थात वापराच्या स्वरूपामुळे नाव गाळणे अपरिहार्य असेल तेथे अपवाद आहे. १९६८ च्या वेष्टनाने जे सहज केले ते कायद्याच्या भाषेत यावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. तोवर त्या पिढीतील बहुतेक वादकांची बोटे थांबली होती. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव मात्र एका वेगळ्याच मार्गाने अमर झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासमवेत 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटाला संगीत दिले. त्यातील नायकाच्या गाण्यात गुरूचे नाव आले. सारा देश ते नाव गुणगुणू लागला, पण ते एका खऱ्या संगीतकाराचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. नाव उरले आणि माणूस हरवला, याचे याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. भारतातील लग्नाच्या बँडचे मूळ इंग्रजांच्या लष्करी बँडात आहे, हे बूथ यांनीच 'ब्रास बाजा' (२००५) या ग्रंथात दाखविले आहे. आपल्या परिसरात वरातीपुढे क्लॅरिनेट व ट्रम्पेट वाजविणारे वादक 'अलबेला'ची गाणी आजही काढतात. चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटातून चित्रपटात गेलेली लकेर तबकडीवरून, रेडिओवरून प्रवास करीत पुन्हा ट्रम्पेटाच्याच तोंडी येते. चित्रपटगीत हा वरातीच्या बँडचा स्टँडर्ड आहे. त्यावर प्रत्येक बँडवाला आपली लहानशी करामत करतो. ती कोणी टिपून ठेवीत नाही, आणि बँडच्या गाडीवर मालकाचे नाव रंगविलेले असते, वादकांचे नाही. एका अर्थाने १९६८ पूर्वीची मुंबई आपल्या गावात अजून नांदते आहे.

इतिहास विषयाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी किल्ला, मंदिर, स्वातंत्र्यसैनिक असे विषय दिले जातात. ते योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला गावातील बँडवादक, डफवादक, भजनी मंडळातील पेटीवाले यांची नावे, वाद्ये, गुरू आणि त्यांनी वाजविलेल्या चाली यांची नोंद करण्याचे काम दिले, तर पुढील अभ्यासकाला निदान एक वेष्टन हाती लागेल.

निष्कर्ष

१) मुंबईत जॅझ पियानोची परंपरा होती; परंतु बदललेल्या अर्थकारणामुळे तिचे श्रम चित्रपटसंगीतात वळले आणि वादकाच्या स्वतःच्या अल्बमला अवकाश उरला नाही.
२) 'रागा-जॅझ स्टाइल'मध्ये रागाने स्टँडर्डची जागा घेतली. त्यामुळे ती परकीय घडणीची नक्कल नसून तिचे देशी रूप आहे.
३) पियानोचे दुय्यम स्थान अंशतः रागसंगीताच्या स्वरविचारातून आणि अंशतः व्यवसायाच्या रचनेतून आले. यांपैकी एकच कारण धरणे चुकीचे ठरेल.
४) या ध्वनिमुद्रिकेचे सर्वांत मोठे ऐतिहासिक मूल्य तिच्या वेष्टनावरील वादकांच्या नावांत आहे.
५) स्थानिक सांस्कृतिक इतिहासलेखनात वादकांच्या नामनोंदीस साधन म्हणून स्थान मिळणे आवश्यक आहे.

इरेन श्वाइत्सर यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावावर अनेक अल्बम आहेत आणि त्यांच्या वादनाचा आलेख वर्षानुवर्षांच्या क्रमाने मांडता येतो. ल्युसिला पाचेको यांनी वाजविलेला पियानो आपण कदाचित त्याहून अधिक वेळा ऐकला असेल. परंतु तो कोणत्या गाण्यात, हे खात्रीने सांगता येत नाही. 'रागा-जॅझ स्टाइल' ऐकताना मात्र ते सांगता येते. या अकरा रागांत जेथे जेथे पियानो वाजतो, तेथे तो त्यांचा आहे.